हिरव्या गवताची गंजी

गवत फुलोऱ्यात असतानाच कापायचं, ही अक्कल मनकर्णाची. तिचा बाप कडूबा, त्याची नाही. आई रुखमाबाई, तिचीही नाही. गावातल्या कोणा शहाण्या म्हाताऱ्याची तर मुळीच नाही. मनकर्णा चौदा वर्षांची, सातवीत शिकणारी, धामणगाव बढ्याच्या शाळेत रोज कोसभर चालत जाणारी. वर्गात मुली तीन, आणि त्यांतली हात वर करून बोलणारी एकच. ती कोण, हे सांगायला नको.

त्या साली सगळंच उरफाटं चाललं होतं. सातासमुद्रापलीकडे मोठी लढाई जुंपलेली, आणि तिची झळ कुठे लागावी, तर ह्या गावच्या बैलांच्या तोंडाला! सरकारी रमन्यातलं, म्हणजे राखीव कुरणातलं, गवत सगळा गाव दर वर्षी कापून आणी. यंदा ते सगळं पलटणीच्या खेचरांसाठी राखलेलं. रमन्याच्या तोंडाशी काटेरी फांद्या पडल्या नि राखणदार बसला. भादव्यात नाल्याला पूर आला, त्यात कडूबाची ज्वारी आडवी झाली आणि कडबा जागेवर कुजून काळा पडला. एवढ्यानं भागलं नाही म्हणून की काय, पोळा झाल्यावर आठव्या दिवशी कडूबा विहिरीच्या काठावरून घसरला आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. हाडं बसवणाऱ्यानं बांबूच्या पट्ट्या आवळून बांधल्या आणि बजावलं, दिवाळीपर्यंत पाय भुईला लावायचा नाही.

घरात माणसं तीन, दावणीला बैल दोन. कवड्या जुना, खांद्याला घट्टे पडलेला. तांब्या चार दाती, ऐन उमेदीतला, तांबूस, अंगानं भरलेला. आणि पुढचं हिरवं गवत उगवायला आठ महिने.

त्यांचं घर गावात शेवटचं, घराच्या पाठीशीच वावर, वावराच्या टोकाला तीन एकर बरड. दगड इतके की तिफण घातली तर फणच मोडेल. तिथे उगवायचं फक्त गवत. रमना होता तोवर त्या गवताकडे कोणी वळून पाहिलं नव्हतं. यंदा तेवढंच होतं.

आता गावची रीत अशी, की गवताला दिवाळी झाल्याशिवाय विळा लावायचाच नाही. ते उभ्या उभ्या वाळतं, पिवळं पडतं, कुसळं गळतात. मग सकाळी कापायचं आणि संध्याकाळी गंजी लावून मोकळं व्हायचं. बैल ते खातात, पण काढा पाजल्यासारखं तोंड करून. मनकर्णाच्या गुरुजींनी वर्गात शेतकी खात्याचं एक पत्रक वाचून दाखवलं होतं. गवत फुलावर असताना कापावं, पुरतं वाळवून ठेवावं, म्हणजे त्यातला कस त्यातच राहतो नि जनावर उन्हाळ्यातही चमकतं. झालं! मनकर्णाच्या डोक्यात ते असं बसलं, की तीन दिवस तिनं बापाच्या बाजेशी दुसरा विषयच काढला नाही.

"बाबा, दिवाळीपरेंत थांबलो तं नुसती काडी राह्यते. कस सारा निंघून जाते."

"तुह्या गुर्जीनं कधी इळा धरला का व?"

"नाही धरला. पण वाचता येते त्यायले."

कडूबा हसला. हसल्यावर मांडीतून कळ गेली, तसे त्यानं दात आवळले. मग म्हणाला, "काप मंग. पण ध्यानात ठेव मना, हेच गवत हाये. दुसरं नाही. हे गेलं तं दावणीवर कोणी राह्यत नाही."

"जात नाही, बाबा!"

किती ठसक्यात म्हणाली होती ती!

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी मायलेकी बरडावर उतरल्या. हिरवं गवत कापणं म्हणजे काय असतं, हे त्यांना पहिल्या तासातच कळलं. वाळलेलं गवत विळ्याला नुसतं टेकवलं की तुटतं; हे मात्र ओलं, चिवट, रसानं जड. मुठीत धरून ओढायचं, कापायचं, पुन्हा ओढायचं. मनकर्णाच्या तळहाताला दुपारपर्यंत फोड आले आणि संध्याकाळपर्यंत फुटले. तिनं चिंधी गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी.

बरडाच्या कडेनं गाडीवाट जात होती. जाणाऱ्या-येणाऱ्याला फुकटचा तमाशा मिळाला.

"काय व रुखमे!" शेजारच्या वावरातली वच्छलाबाई मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून हसायची. "कच्चंच कापून राह्यली का? पोट्टीच्या शाळेत दिवाळी लवकर आली वाटते!"

रुखमाबाई मान खाली घालायची. मनकर्णा मान वर करायची.

"मावशी, तुमचे बैल उन्हाळ्यात आमच्या बैलायकडे पाहून लाजतीन, तवा बोलू!"

"अगं माय! जीभ पाह्य हिची!"

सात दिवसांत बरड बोडकं झालं. कापलेलं गवत जागोजाग पसरलेलं, उन्हात सुकत चाललेलं, आणि वास असा सुटलेला की चालता चालता माणसानं थांबावं. शाळा बुडवून मनकर्णा ते काठीनं उलटायची, संध्याकाळी त्याचे ढीग लावायची. बापाला रोज चिमूटभर नेऊन दाखवायची. तो पडल्या पडल्या नाकाशी धरायचा आणि उशाखाली ठेवायचा.

आठव्या दिवशी डोंगराच्या अंगानं आभाळ आलं. काळं, खाली उतरलेलं, आता कोसळेल की मग असं. रुखमाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं मनकर्णाला पळवलं, ते उकंडरावांकडे.

उकंडराव म्हणजे कडूबाचा थोरला चुलतभाऊ, साठीचा, उंच, काटक. मनकर्णा त्यांना मोठेबाबा म्हणायची. त्यांनी लावलेल्या गंजीत पाण्याचा थेंब शिरत नाही, असं पाच गावांत बोललं जाई. गंजीवर चढले की ते कोणाशी बोलत नसत. थरावर थर लावत, पायानं तुडवत, कडा हातानं विंचरत. इतकी घट्ट, की खालून मूठभर गवत उपटायचं म्हटलं तर उपटून दाखवा!

ते आले, धोतर खोचलं, आभाळाकडे पाहिलं. मग वाकून ढिगातून गवताची एक मूठ उचलली. वरचं गवत होतं ते. दोन दिवसांच्या उन्हात कुरकुरीत झालेलं, मुठीत खळखळणारं. पण असं गवत त्यांनीही जन्मात पहिल्यांदाच हातात धरलं होतं. दर वर्षी गवत आधीच वाळलेलं; वाळलं का, हा प्रश्नच कोणाला पडत नसे. त्यांनी मूठ सोडली आणि मनकर्णाकडे पाहिलं.

"वाळलं का व, मना? तुले माईत हाये हे शास्त्र."

मोठेबाबांनी विचारलं! घरात बायकोला 'भाकर झाली का' ह्यापलीकडे कधी काही न विचारणारे मोठेबाबा, चार माणसांसमोर तिला विचारत होते. धुऱ्यावर वच्छलाबाई उभी होती. आई तिच्या तोंडाकडे पाहत होती. वर आभाळ गडगडत होतं.

मनकर्णानं त्याच सकाळी ढिगाच्या पोटातली एक काडी काढून पाहिली होती. पुरती वाळली असती तर काडी पेऱ्यावर कट्कन मोडायला हवी होती. ती मोडली नव्हती. वाकली होती.

"हाव मोठेबाबा," ती म्हणाली. "वाळलं."

मग काय! दुपारभर नुसती धावपळ. मायलेकी भारे बांधून डोक्यावर आणताहेत, उकंडराव वर रचताहेत, तुडवताहेत. शेवटचा भारा वर गेला तेव्हा मनकर्णानं मोजून ठेवलं होतं, एकशे चाळीस. घर आणि बैलांचा कोठा ह्यांच्यापासून पन्नास पावलांवर गंजी उभी राहिली, कोठ्याहून उंच, डोक्यावर शेंडी बांधलेली. उकंडरावांनी नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा पायथ्याशी ठेवला, आणि म्हणाले, "निजली आता."

कडूबाच्या भाऊबंदांत तसंच होतं. गंजीचा नारळ फुटला की ती निजली. आता संक्रांतीपर्यंत तिला हात लावायचा नाही. तोवर बैलांनी धुऱ्यावरचं खावं. निजलेली गंजी मध्येच उठवली की ती दावणीवरचं एक मागून घेते, असं सगळे मानत.

आणि आभाळ? आभाळ तसंच गडगडत डोंगरापलीकडे निघून गेलं. एक थेंब पडला नाही.

दसरा झाला, कोजागिरी झाली. गंजीतून वास यायला लागला. गोड, दाट, काहिलीत गूळ शिजावा तसा. वाटेनं जाणारा प्रत्येक माणूस नाक वर करून जायचा. रुखमाबाईच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी हसू आलं. वच्छलाबाईसुद्धा धुऱ्यावर येऊन म्हणाली, "काय टाकलं व त्या गंजीत? माह्याच तोंडाले पाणी सुटलं, बैलायचं तं सोड!" मनकर्णा तर हवेत होती. शाळेत तिनं गुरुजींना सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, वाटेतल्या कडुनिंबालाही सांगितलं असेल.

दिवाळीची सुट्टी लागली त्या सकाळी ती गंजीच्या बाजूनं विहिरीवर चालली होती. दंव पडलं होतं. कुंपणाच्या काट्यांवर दंव, शेणाच्या गोवऱ्यांवर दंव, पायाखालच्या खुंटांवर दंव. गंजीवर मात्र नव्हतं. गंजी कोरडी होती, आणि तिच्या शेंडीतून वाफ निघत होती. अंघोळीच्या पाण्याच्या हंड्यावर असते तशी, संथ, सरळ वर.

मनकर्णानं घागर खाली ठेवली. गंजीच्या कुशीत बोटं खुपसली, मनगट घातलं, जोर लावून कोपरापर्यंत हात घातला आणि किंचाळून बाहेर ओढला.

ती धावली ती थेट उकंडरावांच्या दारात. ते तोंड धूत होते. आले, गंजीला बाहेरून तळहात लावला, थोपटल्यासारखं केलं.

"घाम आला तिले. हिरवी होती ना. निंघून जाईन."

"मोठेबाबा, आतून चटका बसते! हे पाहा, हात लाल झाला."

"मंग काय करू म्हन्ते?"

"उपसा. ऊब कोंडली आत, पेट घेईन ते. मोकळी करा. आत्ताच."

उकंडरावांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं देवळातली पिंड उखडायला सांगितलं असावं. "नारळ फुटला हाये. संक्रांतीच्या आधी हात नाही लागत. आमच्या चुलत्यानं एकदा कार्तिकात उपसली होती. महिना नाही झाला तं जोडीतला एक बैल चालता चालता पडला. ह्या डोयानं पाह्यलं म्या."

"मोठेबाबा, पण..."

"पोरी, कापायचं शास्त्र तुहं. गंजीचं माहं."

रुखमाबाई कोठ्याच्या दारात उभी होती. तिनं कवड्या-तांब्याकडे पाहिलं, गंजीकडे पाहिलं, आणि तोंडावर पदर धरला. तिच्याकडून काही व्हायचं नव्हतं.

मनकर्णानं कोठ्यातली लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, उचलली. गंजीच्या मधोमध लावली आणि दगडानं ठोकत ठोकत आत घातली, हातभर बाहेर राहीपर्यंत. मग बाजूला बसली. चुलीवर दोन भाकरी व्हाव्या इतका वेळ ती नुसती बसून होती. आयुष्यात इतकं लांब कधी काही वाटलं नव्हतं तिला. वाफ वाढत होती. गुळाचा वास गेला होता. आता करपलेल्या काहीतरीचा वास येत होता.

तिनं पदर दुहेरी करून सब्बल ओढली. बाहेर आली ती सरळ धरून घरात पळाली.

"बाबा, हात लावा."

"काय झालं?"

"लावा ना!"

कडूबानं दोन बोटं टेकवली आणि झटक्यात मागे घेतली. बोटं तोंडात घालून तो छताकडे पाहत राहिला. अंगणातून उकंडरावांचा आवाज येत होता, रुखमाबाईला चुलत्याच्या बैलाची गोष्ट पुन्हा सांगत होते.

"उपसा," कडूबा म्हणाला.

रुखमाबाई आत आली. "आवो, नारळ फुटला हाये..."

"ते जे काय लागायचं ते माह्या मोडक्या पायाले लागू दे. उपसा, रुखमे! काय पाह्यत राह्यली?"

शिडी लावून रुखमाबाई वर चढली. शेंडी सोडली. खाली मनकर्णा. उकंडराव धुऱ्यावर जाऊन पाठ करून उभे राहिले. त्यांना ते बघवत नव्हतं.

पहिले थर निघाले ते कसे! हिरवे, सुगंधी, पत्रकात लिहिलेले असावेत तसेच. रुखमाबाई क्षणभर थांबली, हातातलं गवत उलटून पाहिलं. "अवं मना, किती चांगलं हाये व हे!" ती म्हणाली, आणि हसली. ते हसू मनकर्णाला पुढे किती दिवस छळणार होतं!

त्याच्या खालचं गवत तपकिरी निघालं, तंबाखूच्या पानासारखं. हातात धरवेना. त्याच्या खालचं आणखी गडद. वाफ अशी उसळली, की रुखमाबाईचे डोळे मिटले. ती तशीच, न पाहता, ओंजळीनं उपसत राहिली. तिच्या तळव्यांची सालं निघाली हे तिला नंतर कळलं. आणि मग काळं आलं. काळं, भुसभुशीत, कोळशासारखं. त्या काळ्यात एक लाल ठिपका दिसला. वाऱ्याची झुळूक आली. ठिपका उघडला.

"माय, उतर! माय!"

भडका उडाला तो माणसाच्या उंचीचा. रुखमाबाई शिडीवरून उतरली नाही, पडलीच. मनकर्णानं तिला ओढलं, आणि घागर घेऊन विहिरीकडे पळणार तोच धुऱ्यावरून उकंडराव ओरडत धावत आले. साठीचा माणूस, पण त्या दिवशी विशीचा झाला होता.

"पाणी नको! पाणी टाकू नको व! वाफ चांगल्यात घुसन, राह्यलेलंही जाईन!" त्यांनी कोठ्याच्या आढ्यात खोचलेली कुऱ्हाड ओढली. "उगवतीची बाजू! उगवतीचे थर म्या शेवटी लावले, ते सुटे हायेत! तिकडून खेचा!"

आणि ज्या हातांनी त्यांनी ती गंजी विंचरून विंचरून लावली होती, त्याच हातांनी ते तिला कुऱ्हाडीनं फाडू लागले. उभी चीर पाडत, गुडघ्यानं रेटत, शिव्या देत. कोणाला, ते कळत नव्हतं. मनकर्णा कापलेलं ओढून लांब नेत होती. दोन भारे, चार भारे. मधला भाग पेटत होता. त्याला पेटू द्यायचं होतं. विहिरीत पाणी असताना आपलं गवत जळताना बघायचं आणि ओतायचं नाही! प्रत्येक फेरीला तिचे पाय विहिरीकडे वळत होते आणि ती त्यांना परत फिरवत होती.

ठिणग्या आजूबाजूच्या खुंटांवर पडायला लागल्या. वच्छलाबाई ओलं पोतं घेऊन धावत आली, तिच्यामागे तिचा नवरा मोतीराम, वाटेवरचे दोन गाडीवान. टोमणा कोणी मारला नाही. पोत्यांनी, निंबाच्या डहाळ्यांनी ठिणग्या बडवत ते सगळे गोल फिरत राहिले. कोठ्यात बैल दोर तोडायला बघत होते. आणि घरातून एकच आवाज येत होता, सारखा, खचत चाललेला:

"मना! काय झालं व? मना! बोल ना कोणी! रुखमे!"

कोणाला वेळ नव्हता.

दुपार कलली तेव्हा गंजीच्या जागी काळं वर्तुळ उरलं होतं, मधून मधून धुमसणारं. बाजूला, लांबवर, वाचलेलं गवत पसरलेलं. कडूबा बाजेवरून घरंगळून, ढुंगणावर सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत आला होता. पायाच्या पट्ट्या सैल होऊन वाकड्या झाल्या होत्या. त्यानं सगळं पाहिलं. मग म्हणाला, "किती?"

मनकर्णानं मोजलं. दोनदा मोजलं, म्हणजे आकडा वाढेल म्हणून.

"बेचाळीस. त्यातले सतरा तपकिरी."

तपकिरीतली एक पेंढी रुखमाबाईनं बैलांपुढे टाकली, चिंध्या गुंडाळलेल्या हातांनी. तांब्यानं हुंगलं आणि अधाशासारखं खायला लागला. कवड्यानंही मान लांब केली. मनकर्णाचा जीव हरखला.

"बाबा, खातात! आवडीनं खातात!"

"खातीन," उकंडराव खाली बसत म्हणाले. भुवया जळल्या होत्या, चेहरा काळा झाला होता. "भाजल्यावानी गोड लागते त्यायले. पण अंगी नाही लागणार. कस जळला ना त्यातला."

उकंडरावांनी एक काडी उचलली, बोटांवर फिरवली.

"चूक माही हाये, कडू. लेकराले इचारून मोकळा झालो. हात म्या घालून पाह्याले पायजे होता ढिगात. चाळीस वर्सं गंज्या लावल्या..."

"नाही," मनकर्णा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मोठेबाबा, म्या घातला होता हात. त्याच दिवशी सकाळी. पेरं मोडलं नव्हतं. वाकलं होतं."

रुखमाबाईनं वर पाहिलं. वच्छलाबाई पोतं पिळत होती, तिचे हात थांबले.

"मंग सांगतलं काऊन नाही?" कडूबानं विचारलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं हळू विचारलं.

"मले कोणी इचारलं नव्हतं ना कधी, बाबा," ती म्हणाली. "पह्यल्यांदाच इचारलं. नाही म्हणवलं नाही."

एवढं बोलून ती मोकळी रडली असती तर निदान कोणी जवळ घेतलं असतं. पण रडू आलंच नाही. कडूबानं तिच्याकडे पाहिलं नाही, की शिवीही दिली नाही. तो बेचाळीस भाऱ्यांकडे पाहत मनात काही जुळवत होता. बोटं हलत होती. एकाला होळीपर्यंत. अर्धपोटी ठेवलं, धुऱ्यावरचं खुरटं घातलं, निंबाचा, बोरीचा पाला घातला, तर आखाजीपर्यंत, वैशाखापर्यंत. एकालाच.

"दोघायले देलं तं दोघंही मरतीन," तो म्हणाला.

हे सगळ्यांना कळत होतं. त्याच्या तोंडून यायचं तेवढं राहिलं होतं.

"कवड्या म्हातारा झाला," रुखमाबाई पुटपुटली.

"म्हणूनच तो राह्यन. त्याले घेऊन कोण काय करन? सरळ सुरी दाखवन. तांब्याले कोणीही वखराले लावन, चारा घालन." कडूबानं तोंड फिरवलं. "उकंडदादा, पुढच्या बाजाराले घेऊन जा. म्या तं चालू नाही शकत."

एका बैलानं ना वखर चालत, ना तिफण. पुढच्या पेरणीला काय करायचं, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही.

बाजार पाच दिवसांवर होता. ते पाच दिवस मनकर्णा बरडावरच होती. वाचलेलं गवत पातळ पसरायचं, सकाळी उलटायचं, दुपारी उलटायचं, संध्याकाळी काड्या काढून मोडून बघायच्या, ढिगाच्या पोटातल्या, सगळ्यांत खालच्या. पहिल्या दिवशी दहातल्या चार वाकल्या. तिसऱ्या दिवशी एक. उकंडराव रोज येऊन तिच्या शेजारी बसत आणि तेही काड्या मोडत. दिवाळीचे दिवे गावात लागले, ह्या घरात लागले तेही लागले की नाही असे. कोणी तिला काही बोललं नाही. आईनं पहिल्या दिवशी तिच्या ताटात भाकर वाढताना हात आखडला होता, दुसऱ्या दिवसापासून नाही. बापाशी मात्र तिला बोलायचं धाडस होईना. तो हाक मारी तेव्हा ती पाण्याचा लोटा ठेवून निघून येई.

बाजाराच्या सकाळी रुखमाबाईनं तांब्याला धुतलं. शिंगांना तेल लावलं, तेवढ्याच उरलेल्या तेलातून. चांगल्या हिरव्या गवतातली एक अख्खी पेंढी तिनं त्याच्यापुढे टाकली आणि कोणाकडे न पाहता चुलीपाशी जाऊन बसली. कडूबानं बाज दाराशी ओढून घ्यायला लावली होती. तांब्या अंगणातून बाहेर पडेपर्यंत त्यानं पाहिलं. मग म्हणाला, "मना, नाल्यापरेंत जाय त्यायच्या संगं. नाल्यात गोटे हायेत. तो बिचकते."

पाच दिवसांत तो तिच्याशी एवढं पहिल्यांदाच बोलला होता.

उकंडराव पुढे दोर धरून, मनकर्णा मागे. तांब्या खुशीत चालला होता. रिकामा, मानेवर जू नाही, पोट भरलेलं, त्याला वाटलं असेल चरायलाच नेताहेत. कोठ्यातून कवड्या हंबरला. तांब्यानं कान हलवला, पण थांबला नाही.

नाल्यात पाणी घोट्याएवढं. तांब्या गोट्यांपाशी अडला, तसं मनकर्णानं पुढे होऊन त्याच्या मानेखाली हात घातला आणि पाय कुठे ठेवायचा ते दाखवत नेलं. मधोमध येऊन तो पाणी प्यायला लागला. हळूहळू, नाकपुड्या पाण्याला टेकवून. उकंडरावांनी दोर ओढला नाही. ते दोघं पाण्यात उभे राहिले, एकमेकांकडे न पाहता, त्याचं पिऊन होईपर्यंत. मनकर्णाचा हात त्याच्या मानेवरच होता. गिळताना त्याच्या गळ्यातून एक एक घोट खाली जाताना तिला तळहाताला जाणवत होता.

मग त्यानं मान वर केली. ओठांतून पाणी गळत होतं.

"जातो व," उकंडराव म्हणाले.

"हाव," मनकर्णा म्हणाली. हात काढून घेतला.

ते पलीकडच्या चढावर लागले. ती काठावर उभी राहून पाहत राहिली, बाभळींच्या आड जाईपर्यंत. उन्हं डोंगरावर आली होती. बरडावर गवत दंवानं भिजलेलं पडलं असणार, आणि त्याला वर-खाली करायला घरात दुसरं कोणी नव्हतं. ओल्या पायांनी ती माघारी फिरली आणि पळत सुटली.